रुमाल हलवणाऱ्या बायका

(‘युद्ध आणि स्त्रिया’ या विषयावरच्या आमच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘युद्धकाळातल्या प्रचारपटांतला पोर्तुगीज सैनिक’ असं छापलेलं पाहून सकाळी दोघी-तिघींनी विचारलं, की पोटगी, रेशन, पाणी सोडून हे फिरंगी कुठून काढलंस? प्रश्न रास्त आहे. मी सिनेमाची अभ्यासक नाही. माझं काम समुपदेशन केंद्रातलं. पण या फिती पाहताना माझ्या लक्षात आलं, की यातला सैनिक उभा केलाय तो बायकांच्या जिवावर. आई, बायको, वाग्दत्त वधू, बहीण यांना बाजूला काढलं, तर पडद्यावर नुसता एक गणवेश शिल्लक राहतो. म्हणून हा विषय आपल्या शिबिरात आला.

आणखी एक कारण आहे. इथे सिंधुदुर्गातून आणि गोव्यातून आलेल्या मैत्रिणी आहेत. त्यांच्या घरांतून ‘पाखले’ हा शब्द अजून ऐकू येतो. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा गोळ्या झाडणारे ते हेच. वीसहून अधिक माणसं त्या दिवशी मेली. सत्याग्रहात बायकाही होत्या. त्याच वर्षी म्हापशाला गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेऊन सुधाताई जोशी तुरुंगात गेल्या होत्या. आपल्याकडून तो सैनिक असा दिसत होता. त्याच्या घरच्यांना तो कसा दाखवला जात होता, ते आज पाहू.

आधी थोडा इतिहास, लवकर उरकते. पोर्तुगालमध्ये १९२६ पासून १९७४ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षं, हुकूमशाही होती. त्यातली बहुतेक वर्षं सालाझारची. जगभर वसाहती मोकळ्या होऊ लागल्यावर या सरकारने १९५१ साली एक युक्ती केली. घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. वसाहतीच नाहीत, तर सोडायच्या कुठून! मग १९६१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोला पेटला, डिसेंबरात गोवा गेला, १९६३ मध्ये गिनी आणि १९६४ मध्ये मोझांबिक पेटला. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाने तेरा वर्षांत सुमारे आठ लाख तरुण आफ्रिकेत पाठवले. एकेकाला दोन-दोन वर्षं. आठ हजारांहून अधिक मेले. अपंग होऊन आलेले वेगळे. लष्करभरती चुकवून रातोरात सरहद्द ओलांडून फ्रान्सकडे पळालेल्यांची संख्या तर लाखांच्या घरात जाते.

आता अडचण बघा. आपल्याच प्रांतात बंदोबस्त चाललाय असं एकदा म्हटल्यावर ‘युद्ध’ हा शब्द वापरता येत नाही. युद्ध नाही, तर लढाई दाखवता येत नाही. आणि आठ लाख पोरांना बोटीवर चढवायचं तर काहीतरी दाखवायलाच हवं. या कोंडीतून या प्रचारपटांचा सैनिक जन्माला आला. तो लढत नाही.

याआधीचा सैनिक असा नव्हता. १९५३ सालचा ‘शाइमित’ हा चित्रपट घ्या. १८९५ साली मौझिन्यो द आल्बुकेर्क या अधिकाऱ्याने दक्षिण मोझांबिकचा राजा गुंगुन्याना याला पकडलं, त्याची ही शौर्यगाथा. तिथला सैनिक उघडउघड जेता आहे. आपल्याला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. राजाबरोबर त्याच्या सात बायकांनाही पकडून १८९६ मध्ये लिस्बनला नेलं, लोकांसमोर मिरवलं. पुढे राजाची रवानगी अटलांटिकमधल्या आझोर्स बेटांवर झाली. एका पुरुषाबरोबर इतक्या बायका ठेवणं ख्रिस्ती नीतीत बसेना, म्हणून त्या सातजणींना तोडून साओ तोमे बेटावर पाठवलं. कोणाची नीती, आणि शिक्षा कोणाला! एवढ्या मोठ्या शौर्यगाथेत या सातजणींच्या वाट्याला काही येत नाही.

१९६१ नंतर जेत्याचं रूप चालेनासं झालं. संयुक्त राष्ट्रसंघात रोज जाब द्यावा लागत होता. मार्च १९६१ मध्ये उत्तर अंगोलात बंडखोरांनी गोऱ्या वसाहतवाल्यांची आणि त्यांच्या मजुरांची कत्तल केली. ती भयंकरच होती. त्या प्रेतांची, विशेषतः बायका-मुलांच्या प्रेतांची छायाचित्रं आणि चित्रफिती सरकारने जगभर दाखवल्या. त्यानंतर पोर्तुगीजांनी सूड म्हणून जी माणसं मारली, ती कितीतरी पटींनी अधिक होती. त्यांची फीत नाही. विटंबना झालेल्या ‘आपल्या’ बाईचं शरीर पुढे करून बंदुका उचलायच्या, ही रीत आपल्याला नवीन नाही. फाळणीपासून परवापरवाच्या दंगलींपर्यंत आपण ती पाहत आलो आहोत.

त्यानंतरच्या फितींमध्ये सैनिक काय करतो? सुई टोचतो. काळ्या मुलांना बाराखडी शिकवतो. रस्ता बांधतो, विहिरीजवळ उभा राहून हसतो. लष्कराच्या भाषेत या कामाचं नाव होतं ‘मनोसामाजिक कार्य’. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. समाजकार्याच्या एम. ए.ला हाच शब्द आम्ही वहीत उतरवून घेतला होता! याच कार्याच्या नावाखाली अंगोला आणि मोझांबिकमध्ये लाखो माणसांना त्यांच्या गावांतून उठवून काटेरी कुंपणाच्या वस्त्यांत आणून बसवलं, म्हणजे बंडखोरांना कोणी भाकरी देऊ नये. शेत लांब राहिलं, पाणी लांब राहिलं. ते पाणी कोण आणत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. फितीत मात्र नवी कोरी घरं एका ओळीत दिसतात आणि सैनिक मुलाला कडेवर घेतो.

आता बंदरावर येऊ. लिस्बनच्या धक्क्यावरून ‘व्हेरा क्रूझ’, ‘नियासा’ अशा बोटी सुटायच्या. मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायच्या वार्तापटांत, आणि १९५७ पासून टीव्ही आल्यावर त्यावरही, ही दृश्यं पुन्हा पुन्हा आली. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनची रिळं थिएटरात लागायची, त्याच जातीची ही रिळं. कठड्याला खेटून उभी पोरं, खाली बायकांची गर्दी, हजारो पांढरे रुमाल. बायका रडताना दिसतात, ते काही लपवलेलं नाही. पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या रडण्याचा आवाज नाही. त्यावर बँड वाजतो आणि निवेदक बोलतो. ‘जाऊ नको’ असं त्या गर्दीत कोणी म्हणत असेल, तर ते आपल्याला ऐकू येण्याची सोयच नाही. बाईचे अश्रू ठेवले आणि तिचं म्हणणं काढून टाकलं. मला वाटतं, प्रचारपटाची सगळी कारागिरी या एका दृश्यात आहे.

नाताळचे निरोप हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. सरकारी टीव्हीची पथकं दरवर्षी आफ्रिकेतल्या छावण्यांत जायची. सैनिकांना रांगेत उभं करायचं. एकेकाने मायक्रोफोनसमोर यायचं, नाव-हुद्दा सांगायचा, आई-वडील, बायको, मुलं, भावंडं यांना नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या आणि ‘येतो, परत येईपर्यंत निरोप घेतो’ अशा अर्थाचं ठरावीक वाक्य म्हणून बाजूला व्हायचं. काही सेकंदांचा खेळ. खेड्यातली पोरं, घाबरलेली. ‘नवं वर्ष समृद्धीचं जावो’ म्हणण्याऐवजी तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द तोंडून जाऊन ‘नवं वर्ष मालमत्तेचं जावो’ म्हणणाऱ्यांवरून तिथे अजून विनोद होतात. मला त्यात हसू येत नाही. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती, त्यांची ती पोरं.

या निरोपांसाठी आयांना गावातल्या कुणाच्या तरी टीव्हीसमोर तासन्‌तास बसावं लागे. शेकडो चेहरे जायचे, आपला कधी येईल सांगता येत नसे. आणि चित्रण आधी झालेलं असायचं. म्हणजे पडद्यावर दिसणारा मुलगा आज जिवंत आहे, याची काही खात्री नव्हती. तरीही कितीतरी आया टीव्हीसमोर वाट पाहत बसायच्या. मुलाला दूर धाडणाऱ्यानेच त्याचा चेहरा दाखवण्याची मेहेरबानी करायची, यातली क्रूरता ध्यानात घ्या.

आणि मृत्यू? तोही वर्षातून एकदा दिसायचा. १० जून हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. त्याला तेव्हा ‘वंशाचा दिवस’ही म्हणत! १९६३ पासून त्या दिवशी लिस्बनच्या मोठ्या चौकात सैनिकांना पदकं द्यायचा सोहळा होई आणि टीव्हीवर दाखवला जाई. मेलेल्याचं पदक घ्यायला त्याची आई, विधवा किंवा लहान मुलगा पुढे यायचा. काळ्या कपड्यातल्या बाईच्या छातीवर अधिकारी पदक टाचतो. प्रेत कधी दिसत नाही, जखम दिसत नाही, मृत्यू दिसतो तो फक्त बाईच्या काळ्या कपड्यांतून. युद्धाच्या पहिल्या वर्षांत मुलाचं शव घरी आणायचं तर खर्च कुटुंबाने करायचा, असा कारभार होता. ज्यांना तो झेपला नाही, त्यांची मुलं तिकडेच मातीत गेली.

हे सगळं एकट्या पुरुषांनी केलं असं म्हणायची सोय नाही. १९६१ मध्येच ‘राष्ट्रीय महिला चळवळ’ नावाची संघटना निघाली. तिच्या प्रमुख सेसिलिया सुपिको पिंतो, एका माजी मंत्र्याच्या पत्नी. त्या थेट आघाडीवरच्या छावण्यांत जायच्या, पोरांबरोबर फोटो काढून घ्यायच्या. सैनिकांना आणि घरच्यांना फुकट पाठवता येतील अशी हवाई पत्रं या संघटनेने काढली. कोट्यवधी पत्रं त्यावर लिहिली गेली. ‘युद्धमाता’ ही कल्पनाही त्यांनीच राबवली. शब्दशः धर्माची आई, पण बहुधा ती असायची सतरा-अठरा वर्षांची मुलगी. तिने अनोळखी सैनिकाला पत्रं लिहून त्याचं मन रमवायचं. कितीजणींची त्यातून लग्नं झाली. मी त्या मुलींना हसत नाही. ज्या देशात मुलीला घराबाहेर पाऊल टाकताना चार जणांना विचारावं लागे, तिथे दूरच्या माणसाशी बोलायची ती एक खिडकी होती. पण खिडकी कोणी, कशासाठी उघडून दिली, हे पाहायला नको का? नवऱ्याच्या परवानगीशिवाय विवाहितेला परदेशी जाता येत नसे, हा कायदा १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत होता. नवरा आफ्रिकेत बंदूक घेऊन उभा, आणि ती फ्रान्सला भावाकडे जायचं म्हणाली तर सही त्याची हवी!

एक प्रतिमा मात्र वेगळी वाटते. १९६१ मध्ये सहा परिचारिकांना विमानातून छत्रीने उडी मारण्याचं शिक्षण देऊन लष्करात घेतलं. त्यांतल्या बहुतेकींचं नाव मारिया, म्हणून त्या ‘सहा मारिया’. युद्ध संपेपर्यंत अशा ४६ जणी झाल्या. त्यांनी गोळीबारात उतरून जखमींना उचललं, त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. सरकारलाही त्या कॅमेऱ्यासमोर हव्या होत्या. अट एवढीच, की बाई अविवाहित किंवा मूल नसलेली विधवा असली पाहिजे. आकाशातून उडी मारलीस तरी चालेल, पण घर असेल तर घर सोडायचं नाही.

आता गोव्याचे सैनिक. १४ डिसेंबर १९६१ ला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना संदेश पाठवला, की पोर्तुगीज सैनिक एक तर जिंकलेले असतील किंवा मेलेले, शरण आलेले नसतील. भारतीय सैन्य १८ तारखेला शिरलं. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरांनी शरणागती पत्करली. हजारो माणसं मारायचं त्यांनी नाकारलं, असं मी म्हणेन. लिस्बनच्या वृत्तपत्रांत तोवर तुंबळ लढाईच्या बातम्या छापून येत होत्या. सुमारे ३३०० सैनिक कैद झाले, मे १९६२ मध्ये परत गेले. धक्क्यावर त्यांच्या स्वागताला लष्करी पोलिसांचा पहारा होता. पुढे गव्हर्नरांना लष्करातून बडतर्फ केलं. १९७४ नंतरच त्यांची अब्रू परत मिळाली. जिवंत परत आलेला मुलगा पाहून कुठली आई म्हणेल, की हा मेला का नाही? पण तिचा आनंद प्रचारपटाच्या कामाचा नव्हता. तिने रडावं तेव्हा रुमाल हवेत, हसावं तेव्हा पोलीस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्या दारात हा सैनिक उभा होता, त्या बायका कुठे आहेत? सुई टोचून घेणारी, नाचणारी, डोक्यावर हंडा घेऊन जाणारी काळी बाई पडद्यावर आहे. ती बोलत नाही. तिच्याबद्दल एक सिद्धांत मात्र तयार होता. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे यांचं म्हणणं असं, की पोर्तुगीज माणूस इतर गोऱ्यांसारखा वंशद्वेष्टा नाही, तो उष्ण देशांत मिसळून जातो. सरकारने त्यांना १९५१-५२ मध्ये वसाहतींचा दौरा घडवला. गोव्यालाही आणलं. ‘मिसळणं’ हा शब्द किती गोड आहे! कोण मिसळलं, कोणात? गोरी बाई आणि काळा पुरुष असं मिसळणं या सिद्धांताला अभिप्रेत नव्हतं. मालक पुरुष आणि गुलाम बाई यांच्यात जे झालं, त्यात तिला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न गाळला, तरच त्याला मिसळणं म्हणता येतं.

या मिसळण्याची साक्षात माणसं आज साठीकडे झुकली आहेत. सैनिक बाप बोटीत बसून निघून गेला आणि मागे राहिलेली ही मुलं. त्यांना ‘वाऱ्याची मुलं’ म्हणतात. गिनी-बिसावमध्ये तर ‘पोर्तुगीजांचं उरलंसुरलं’ अशी शिवी होती. गोव्यात असा एक शब्द आहेच. तुकाराम शेट यांची १९७८ ची कोकणी कादंबरी ‘पाखलो’ पोर्तुगीज सैनिक बाप आणि गोमंतकीय आई यांच्या अशाच मुलाची आहे. प्रचारपटातल्या सैनिकाने कडेवर घेतलेलं मूल दुसऱ्याचं असतं. स्वतःचं कधीच नसतं.

दाखवायचा प्रयत्न कोणी केला तर कात्री तयार होती. मानुएल फारिया द आल्मेदा यांच्या १९६५ च्या ‘कातेंबे’ या चित्रपटात मोझांबिकच्या राजधानीतल्या रात्रीच्या वस्तीचं चित्रण होतं. सेन्सॉरने त्याला १०३ ठिकाणी कापलं आणि उरलेल्यावर बंदी घातली.

कात्रीला उत्तर बायकांनी दिलं, तेही आधी कागदावर. १९७२ मध्ये मारिया इझाबेल बारेनो, मारिया तेरेझा ओर्ता आणि मारिया वेल्यो दा कोश्ता यांनी मिळून ‘नवी पोर्तुगीज पत्रे’ लिहिलं. त्यात बाईचं शरीर, लग्न, एकटेपण आहे, आणि आफ्रिकेतल्या सैनिकांची व त्यांच्या मागे राहिलेल्यांची पत्रंही आहेत. पडद्यावरच्या सहा मारिया सरकारला चालल्या. या तीन मारियांवर अश्लीलतेचा खटला भरला. कुठला भाग कोणी लिहिला, हे तिघींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. जगभरच्या स्त्री-संघटना त्यांच्या बाजूने रस्त्यावर आल्या. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथली, आणि मे महिन्यात या तिघी निर्दोष सुटल्या.

पुढच्या पिढीतल्या दिग्दर्शिका मार्गारिदा कार्दोझो यांचे वडील मोझांबिकमध्ये लष्करात होते. १९७१ च्या नाताळला महिला चळवळीने सैनिकांना वाटलेली एक तबकडी त्यांना सापडली. तीवरून त्यांनी ‘नाताळ ७१’ हा माहितीपट केला. त्यात या तबकडीशेजारी सैनिकांनीच चोरून गायलेली, चोरून ध्वनिमुद्रित केलेली युद्धविरोधी गाणी आहेत. मग २००४ मध्ये त्यांनी लीदिया जॉर्ज यांच्या कादंबरीवरून ‘कुजबुजींचा किनारा’ काढला. लग्नासाठी मोझांबिकला आलेल्या मुलीच्या हाती आपल्या नवऱ्याचे आघाडीवरचे फोटो लागतात. त्या फोटोंत तो कोणाला सुई टोचत नाही. प्रचारपट लिस्बनमध्ये दाखवले जात होते आणि खरे फोटो कपाटात कुलूपबंद होते. कुलूप उघडणारी घरातलीच बाई.

परत आलेल्या सैनिकांच्या मनावर झालेल्या आघाताला तिथल्या कायद्याने १९९९ मध्ये मान्यता दिली. म्हणजे युद्ध संपून पंचवीस वर्षं झाल्यावर. तोवर रात्री ओरडत उठणाऱ्या, दारू पिणाऱ्या, हात उचलणाऱ्या माणसाबरोबर कोण राहत होतं? आपल्या केंद्रात फौजी घरांतल्या बायका येतात, त्या पहिलं वाक्य काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘बाहेर त्यांना फार मान आहे हो.’

आता म्हणाल, दुसऱ्या बाजूच्या फिती खऱ्या होत्या का? आपल्याकडचा ‘सात हिंदुस्तानी’ हा १९६९ चा चित्रपट पाहा. गोवामुक्तीच्या त्या कथेत सांगणारी मारिया ही बाई आहे हे चांगलंच, पण पोर्तुगीज म्हणजे छळ करणारा, याच्या पलीकडे त्या माणसांना चेहरा नाही. आफ्रिकी मुक्तिसंघटनांच्या नेत्यांची भूमिका अधिक समंजस होती. आमचं भांडण पोर्तुगीज जनतेशी नाही, वसाहतवादाशी आहे, असं गिनीचे आमिलकार काब्राल सतत सांगत. कैदी सैनिकांना त्यांनी रेड क्रॉसच्या हवाली केलं. पण तिकडचीही लाडकी प्रतिमा कोणती? पाठीवर मूल आणि खांद्यावर बंदूक घेतलेली बाई. मोझांबिकच्या लढ्यात १९६७ पासून स्त्रियांची तुकडी होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. युद्धाच्या सामानाचे बोजे मैलोन्‌मैल वाहून नेण्याचं कामही बायकांकडेच होतं. पोस्टरवर बंदूक आली, बोजा आला नाही.

म्हणूनच आज मी ‘सांबिझांगा’ निवडला. सारा माल्दोरोर या दिग्दर्शिकेने १९७२ मध्ये, अंगोलात युद्ध चालू असताना, शेजारच्या काँगोत तो चित्रित केला. पोलीस एका कामगाराला पहाटे घरातून उचलून नेतात. त्याची बायको मारिया तान्हं मूल पाठीला बांधून त्याला शोधायला निघते. या कचेरीतून त्या कचेरीत, या तुरुंगातून त्या तुरुंगात. प्रत्येक ठिकाणी बाकावर बसवून ठेवतात, खोटं सांगतात. आपल्यापैकी जिने पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढलाय, तिला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. चित्रपटाची काही वर्षांपूर्वी नवी, स्वच्छ प्रत तयार झाली, तीच आपल्याकडे आहे. दीड तासाहून थोडा मोठा आहे. मागच्या मैत्रिणींनी पुढे येऊन बसा, आणि कोणीतरी त्या खिडकीचा पडदा ओढा.